‘असूनही’ या शब्दाविषयी

शारीरिक व्यंग वा दीर्घ दुखणे घेऊन जगणाऱ्या कलावंताविषयी लिहिताना समीक्षकाच्या लेखणीतून एक शब्द हमखास उतरतो : ‘असूनही’. अंधत्व असूनही, असह्य वेदना असूनही त्याने निर्मिती केली! या गौरवात देह कलेचा शत्रू ठरतो आणि निर्मिती त्याच्यावरील विजय. विजयगाथा सांगून झाली की कलाकृतीकडे निरखून पाहण्याची निकड उरत नाही.

बिनोदबिहारी मुखर्जी (१९०४-१९८०) यांच्याबाबतीत हे विशेषत्वाने जाणवते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अयशस्वी होऊन १९५७ च्या सुमारास त्यांची दृष्टी पूर्णपणे गेली. पुढे त्यांनी कागद कापून चिकटचित्रे केली, मेणाची शिल्पे घडविली आणि १९७२ मध्ये शांतिनिकेतनच्या कलाभवनात फरशांचे भित्तिचित्र सिद्ध केले. त्याच वर्षी त्यांचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट काढला. तेव्हापासून सर्वसामान्य रसिकाच्या मनात त्यांची प्रतिमा स्थिरावली ती ‘अंध चित्रकार’ म्हणून.

वस्तुतः त्यांचा एक डोळा जन्मतःच निकामी होता आणि दुसऱ्याला फार जवळचे तेवढेच स्पष्ट दिसे. राय यांच्या माहितीपटातही याचा उल्लेख आहे. प्रेक्षकाच्या स्मरणात मात्र तो टिकत नाही. याच अधू डोळ्याने त्यांनी १९४६-४७ मध्ये शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात मध्ययुगीन संतांचे भव्य भित्तिचित्र रंगविले. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर रंग चढवायचे हे तंत्र. गिलावा वाळला की दुरुस्तीला वाव नाही. तीन भिंतींच्या वरच्या भागावर पसरलेल्या या चित्रासाठी त्यांनी पूर्णाकार आराखडाही भिंतीवर उतरवून घेतला नव्हता. दूर उभे राहून समग्र रचना एका दृष्टिक्षेपात न्याहाळणे या चित्रकाराला शक्य नव्हते. आणि चित्रही तशा नजरेची अपेक्षा करीत नाही. एका आकृतीतून दुसरी उगवते, संतांभोवतीचा जनसमुदाय प्रवाहासारखा पुढे सरकतो, पाहणाऱ्यालाही त्याच्यासोबत चालावे लागते. या संतांमध्ये परंपरेने अंध मानलेला सूरदासही आहे. येथे ‘असूनही’ हा शब्द अपुरा पडतो. अधू दृष्टी ही या रचनेची एक अट आहे. तिच्यावाचून हे चित्र वेगळे झाले असते.

मर्ढेकरांच्या सौंदर्यविचारानंतर मराठी समीक्षेत कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह बळावला. चरित्राच्या भाबड्या वापराला त्याने पायबंद घातला, हे उपकारच. पण त्याबरोबर निर्मात्याचा देहही विचाराबाहेर गेला. एक पद्धती देहाची कथा करते, दुसरी तो नसल्याचे गृहीत धरते. देहाने घडविलेली रीत दोघींच्याही नजरेतून निसटते. ‘प्रज्ञाचक्षू’सारखी आदरार्थी संज्ञाही हेच करते : डोळ्यांचा प्रश्न ती आत्म्याकडे सोपवून मोकळी होते.

याचा भार जिवंत कलावंतांवर पडतो. संपूर्ण अंधत्वाला कथेचा आकार असतो. अर्ध्या दृष्टीला, रोज उठून सोसाव्या लागणाऱ्या पाठीच्या वा सांध्यांच्या दुखण्याला तो नसतो. म्हणून अनेकजण ते लपवितात, आणि उशिरा पूर्ण झालेले किंवा लहान आकाराचे काम आळसाच्या वा मर्यादित प्रतिभेच्या खात्यावर जमा होते. ते काम कोणत्या अवस्थेत, किती वेळात, कोणाच्या साहाय्याने घडले, हा प्रश्न करुणेचा नाही. तो शैलीचा प्रश्न आहे आणि समीक्षेनेच तो विचारायला हवा.