बाजूला बसणारी

आमच्या बदलापूरच्या भजनी मंडळाची पेटी कडक नाही, पण मानी आहे. जुलैत तिचं लाकूड फुगतं, एखादी पट्टी दाबली की वर येत नाही आणि तो एकच सूर हट्टाने वाजत राहतो. बुवा दुसऱ्या हाताच्या नखाने पट्टी उचलतात आणि भजन पुढे सरकतं. भात्याच्या कोपऱ्याला कुणीतरी चामड्याचं ठिगळ लावलंय. जोर लावला की तिथून ती फुसफुसते. काळी दोन धरली की मात्र आवाज अजून भरदार. दादर-गिरगावात घर परवडेना तेव्हा माणसं कल्याणच्या पुढे सरकत आली, त्यांच्या सामानात देव्हारा, शिलाई मशीन आणि या अशा पेट्या आल्या. 26 जुलै 2005 ला उल्हास नदी घराघरांत शिरली, तेव्हा ही माळ्यावर होती म्हणून वाचली.

माहेर तिचं फ्रान्सचं. पॅरिसच्या अलेक्झांडर दबेंने 1842 मध्ये हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा ती खुर्चीवर बसून, पायाने भाता मारून वाजवायची वस्तू होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्या कारखान्यात तिचे पाय गेले, भाता मागे आला, आणि ती आपल्यासारखी मांडी घालून जमिनीवर बसली. उजवा हात पट्ट्यांवर, डावा भात्यावर. मराठी माणसाने तिला लगेच नाटकात घेतलं. गोविंदराव टेंबे भास्करबुवा बखल्यांच्या साथीला पेटीवर बसत. त्यांनीच 1911 च्या ‘मानापमान’ला चाली दिल्या, आणि 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’त संगीत दिलं वर हरिश्चंद्रही केला. पेटीवाला थेट बोलपटाचा नायक! खुद्द पेटीला मात्र नायिकेचं काम फारसं मिळालं नाही. ती बाजूलाच बसली.

आणि मग तिला काढून टाकलं. 1 मार्च 1940 पासून नभोवाणीवर पेटी बंद. आरोप असा की तिचे सूर पितळेत बांधलेले, तिला मींड येत नाही, आंदोलन येत नाही. गळा एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जातो तिथे ही पायऱ्या मोजत जाते. आरोप खोटा नव्हता. खोटी होती ती शिक्षा, कारण गाणाऱ्याला घसरगुंडी नको असते, टेकायला भिंत हवी असते, आणि ते काम तिच्याइतकं कुणी केलं नाही. चांगला साथीदार एका पट्टीवरचं बोट उचलायच्या आत दुसरी दाबतो, भाता हलका सोडतो, आणि ऐकणाऱ्याला मींड झाल्याचा भास होतो. पी. मधुकर, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर यांनी हा भासच कला म्हणून उभा केला.

गंमत पु. ल. देशपांड्यांची. ‘गुळाचा गणपती’त लेखन, दिग्दर्शन, अभिनय, संगीत सगळं एकाच माणसाचं, पेटी तर त्यांच्या हातचीच. 1955 मध्ये ते आकाशवाणीत नोकरीला लागले, म्हणजे माणूस आत आणि त्याचं वाद्य दाराबाहेर. पुढे दूरदर्शनच्या अगदी पहिल्या पिढीत तेच, नेहरूंची मुलाखत घेणारेही तेच. पेटीला आकाशवाणीचं दार किलकिलं झालं ते 1971 मध्ये. पुढच्याच वर्षी, 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि इतकी वर्षं नुसता आवाज म्हणूनही नको असलेली ही बाई चेहऱ्यासकट घरात आली.

टीव्हीने तिला कामं भरपूर दिली, पण कसली? मालिकेत घरंदाज संगीतशिक्षक दाखवायचा असला की दिवाणखान्यात गालिचा, उदबत्ती आणि ही. नटाची बोटं पट्ट्यांवर फिरतात, डावा हात मांडीवर, भाता मिटलेला, आणि सूर खणखणीत! आमचे बुवा असला प्रसंग लागला की पडद्याला सांगतात, “अहो, भाता मारा की!” गाण्याच्या स्पर्धांत ती खरोखर वाजते, पण शेजारी सिंथेसायझर असतो. त्याला पावसाळा नाही, एक बटण दाबलं की पट्टी बदलते, आणि वर पेटीचाही आवाज काढून दाखवतो. याचा तिला राग येत असणार. मला तर येतो.

दोन स्टेशनं अलीकडे, उल्हासनगरात, तिच्या नात्यातलीचं आयुष्य वेगळं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत आली. 1949 मध्ये राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं गाव झालं. कॅम्प हा शब्द मात्र गेला नाही. त्या लोकांबरोबर ‘भगत’ आली: लांब झगा, पायात घुंगरू, आणि एकच माणूस गातो, नाचतो, गोष्ट सांगतो, गोष्टीतली सगळी पात्रंही करतो. नट आणि गवई अशी दोन माणसं लागतात हे तिथे कुणाला माहीतच नव्हतं. पेटी त्याच्यामागे धावते, कारण तो कधी मध्येच थांबून विनोद करील आणि वरच्या सुरात परत येईल, याचा भरवसा नसतो.

आमच्या पेटीला असली धावपळ नाही. लोकलच्या भजनात तिला कुणी नेत नाही. टाळ उभ्याने वाजतात, हिला मांडी घालायला जागा लागते आणि बदलापूर लोकलमध्ये तेवढी जागा दोन माणसांची. 2016 मध्ये तुळशीदास बोरकरांना पद्मश्री मिळाली तेव्हा बुवांनी तिला ओल्या फडक्याने पुसलं, हाच काय तो सत्कार. भाद्रपदात मात्र बाईचा भाव वाढतो. कात्रपला आरती, बेलवलीत भजन, रात्री महिला मंडळाची काळी पाच. तेव्हा तारखा हव्या असतील तर बुवांना आषाढातच सांगून ठेवावं लागतं, आणि रिक्षाभाडं वेगळं.