चेहऱ्यावरच्या मुंग्या

लहानपणी वाशिमला वारा सुटला की आमच्या टीव्हीवर मुंग्या यायच्या. त्यांनाच इमेज प्रोसेसिंगमध्ये 'नॉइज' म्हणतात, हे इंजिनिअरिंगला कळलं. मोबाईलच्या फोटोतही त्या असतात. अंधारात सेन्सरवर प्रकाश कमी पडतो, कॅमेरा मिळालेला सिग्नल वाढवतो आणि त्याबरोबर खरखरही वाढते. आपल्याला तरी हसू दिसतं. प्रोग्रामचं तसं नाही.

मागच्या वीकेंडला जरा उद्योग केला. हावभाव ओळखणारं एक तयार मॉडेल उतरवलं, एफईआर-२०१३ या डेटासेटवर शिकलेलं. त्यात ३५,८८७ चेहरे आहेत, प्रत्येक फक्त ४८ बाय ४८ पिक्सेलचा, कृष्णधवल. म्हणजे अख्खा चेहरा २,३०४ ठिपक्यांत! ओठाचा कोपरा वर गेला की खाली, हे दोन-चार ठिपक्यांवर ठरणार.

अंगणात दुपारी काढलेला आजीचा फोटो दिला. 'आनंदी'. मग त्याच फोटोत कोडने थोडा थोडा नॉइज मिसळत गेलो. 'आनंदी'ची टक्केवारी घसरली, मग 'तटस्थ', शेवटी चक्क 'दुःखी'. आजी तीच, हसू तेच.

आता तुम्ही म्हणाल, फिल्टर लाव की राव. लावला ना! मीडियन फिल्टर शेजारशेजारचे नऊ ठिपके घेतो, क्रमाने लावतो आणि मधला ठेवतो. खरखर कमी होते, पण सोबत डोळ्यांच्या कोपऱ्यातल्या बारीक सुरकुत्याही पुसल्या जातात. आणि मनापासूनचं हसू तर तिथेच दिसतं. मॉडेलला नॉइजवाले फोटो दाखवून शिकवलं तर फरक पडतो, हे खरं. पण फोटोत जे उरलंच नाही ते कुठून आणणार?

मला खटकतं ते वेगळंच. या मॉडेलकडे सात कप्पे आहेत, 'कळत नाही' असा आठवा नाही. फोटो कितीही खराब असो, सातांपैकी एक उत्तर येणारच, वर टक्केवारीसकट. (त्या डेटासेटवर माणसांनाही साधारण ६५ टक्केच जमलं होतं, बरं का.)

घरी गंमत म्हणून ठीक. पण हेच ऑनलाईन मुलाखतीला बसवलं तर? पुण्याच्या चकचकीत खोलीतला पोरगा आणि आमच्या मालेगावात (नाशिकचं नव्हे, वाशिम जिल्ह्यातलं) एका बल्बखाली स्वस्तातला मोबाईल धरून बसलेली पोरगी, दोघांचा उत्साह एकाच मापाने मोजणार. युरोपियन युनियनने नोकरीच्या आणि शिक्षणाच्या ठिकाणी असा वापर फेब्रुवारी २०२५ पासून बंद केलाय, वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं सोडून. तुमच्या कंपनीत असलं काही विकायला कुणी आलं, तर डेमो मीटिंग रूममध्ये बघू नका. संध्याकाळी सातला, एका बल्बच्या उजेडात दाखवा म्हणावं.