लेहचा हिवाळा आणि दिवसाची एक टोपली

लहानपणी साताऱ्याला आजोळी गेलं की पहाटे बंब पेटवायचं काम आजीचं आणि तिच्या हाताशी ढलप्या द्यायचं काम माझं. आजी मोजून सहा ढलप्या घ्यायची. मी सातवी पुढे केली की म्हणायची, "ती उद्याची." मला तेव्हा आजी भारी चिक्कू वाटायची. त्या सातव्या ढलपीची किंमत कळायला मला थेट लेहला जावं लागलं, तेही तिशी उलटल्यावर!

आमच्या ह्यांचं काम रस्तेबांधणीचं. २०२२च्या ऑक्टोबरात लेहला बदली झाली. चार वर्षांची मुलगी, दोन ट्रंका, आईने शिवलेली गोधडी आणि प्रेशर कुकर एवढा संसार घेऊन आम्ही विमानाने उतरलो. वरून पाहिलं तर नुसते तपकिरी, उघडेबोडके डोंगर. जिथे ओढ्याचं पाणी पोचतं तिथे तेवढ्या पॉपलरच्या आणि विलोच्या पिवळ्या रांगा, जुन्या लुगड्याला नवा काठ लावावा तशा.

लेह साधारण साडेतीन हजार मीटर उंचीवर. वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम दहा सेंटिमीटर. आपल्या महाबळेश्वरला जुलैत एखाद्या दिवसात याहून जास्त पाऊस पडून जातो. तेव्हा इथे झाड आपोआप उगवत नाही. वितळलेल्या बर्फाचं पाणी पाटाने आणायचं, रोप लावायचं आणि गुरांनी साल कुरतडू नये म्हणून बुंध्याला चिंध्या नाहीतर जुने डबे बांधायचे. विलोचं झाड सहसा मुळापासून तोडत नाहीत. बुंधा राखून वरच्या फांद्या आळीपाळीने छाटतात. जाड फांद्या छपराला आणि जळणाला, बारीक काटक्या टोपल्या विणायला. घराच्या गच्चीच्या कडेने हे जळण आणि गुरांचा चारा रचून ठेवलेला असतो. मला वाटलं, शोभेसाठीच आहे!

स्कारा भागात आम्ही एका लडाखी कुटुंबाच्या घरात वरचा मजला भाड्याने घेतला. घरमालकीण साठीच्या. सगळे त्यांना 'आमा-ले' म्हणत, म्हणजे 'आईसाहेब'. मला त्या 'नोमो-ले' म्हणत, म्हणजे धाकटी बहीण. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या हिंदीत चाले. खोली निवडायची वेळ आली तेव्हा मी उत्तरेकडची मोठी खोली घेतली, कारण खिडकीतून लेहचा जुना राजवाडा दिसत होता. आमा-ले नुसत्या हसल्या. "उन्हाळ्यात छान आहे," एवढंच म्हणाल्या.

जळणाचंही तसंच झालं. नोव्हेंबरच्या मध्यावर मी दहा क्विंटल लाकूड घेतलं. ताजं कापलेलं, पांढरंशुभ्र, दिसायला फार सुरेख. स्वस्तही मिळालं म्हणून मी खुशीत! हिशेब शाळामास्तरणीला शोभेल असा केला होता. मार्चअखेरपर्यंत एकशे पस्तीस दिवस, म्हणजे रोज सुमारे साडेसात किलो. पण ताज्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असतं, हे माझ्या हिशेबात कुठे होतं? निम्मे पैसे मी पाण्याला दिले. वर ते पाणी आटवायला त्याच लाकडाची ऊब खर्ची पडत होती. आमची बुखारी, म्हणजे धुराडं जोडलेली पत्र्याची शेगडी, नुसती धुमसायची, रडवायची आणि ऊब मात्र द्यायची नाही. मग मी आणखी दोन ओंडके घालायची. साडेसातच्या जागी रोज पंधरा किलो जाऊ लागलं.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात लाकडाचा ढीग संपला. हे त्या वेळी नुब्राच्या बाजूला कामावर होते आणि बर्फामुळे खारदुंगला खिंड बंद झाली होती. श्रीनगरकडून येणारी नवी वीजवाहिनी २०१९ पासून सुरू आहे, पण त्या आठवड्यात आमच्याकडे वीज येऊन-जाऊन होती, त्यामुळे हीटरचा भरवसा नाही. बाजारात सुकं लाकूड शोधलं, ते मिळालं नाही. रात्री बाहेर उणे अठरा. बादलीतलं पाणी सकाळी दगड झालेलं. आणि त्यातच मुलीला ताप भरला. गोधडी, रजई, माझा कोट, सगळं तिच्यावर घातलं तरी तिचे दात वाजत होते. मी खुर्चीची एक पट्टी उपटून बुखारीत घातली, हे आज लिहायलाही लाज वाटते.

खालून आमा-लेंनी तो आवाज ऐकला असावा. वर आल्या, बुखारीत डोकावल्या, मुलीच्या कपाळावर हात ठेवला आणि तिला गोधडीसकट उचलून जिना उतरू लागल्या. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "कुकर घेऊन ये."

हिवाळ्यात त्यांचं अख्खं घर एका खोलीत राहत होतं. दक्षिणेकडे तोंड असलेली, ठेंगण्या छताची छोटी स्वयंपाकखोली. मधोमध पितळी नक्षीची लोखंडी चूल, वर भांड्यांसाठी तीन-चार तोंडं. मला आजोळच्या चुलीचा वैल आठवला. एकाच जाळावर आमटी, पाणी आणि चहा. भिंतीलगत सतरंज्या. त्यांवर म्हातारे मेमे-ले, म्हणजे आजोबा, जपाचं चक्र फिरवत बसलेले, मुलगा-सून आणि दोन नातवंडं. त्यात आम्ही दोघी. डॉक्टरांचं औषध सुरू होतंच. त्या ऊबेत दुसऱ्या रात्री मुलीचा ताप उतरला.

आम्ही तिथे नऊ दिवस राहिलो. घरात रिकामं बसवेना म्हणून मी कामाला लागले, तेव्हा माझ्या लक्षात आलं की आमा-लेंचं जळण क्विंटलमध्ये मोजलेलं नसतं. विलोची विणलेली, पाठीवर घ्यायची एक टोपली असते, तिला 'त्सेपो' म्हणतात. दुपारी ती भरून चुलीजवळ आणायची. खाली वाळलेल्या गोवऱ्या, वर लाकूड. ती उद्या दुपारपर्यंत पुरवायची. पाहुणे येवोत, सण असो, टोपली एकच.

तिसऱ्या दिवशी मला एक गोष्ट खटकली. वर राहत होते तेव्हा सकाळी सहाला खालच्या चुलीचं दार वाजलेलं ऐकू यायचं. आता आठ वाजून गेले तरी चूल थंड. मेमे-ले कांबळं पांघरून उन्हाची वाट पाहत बसलेले. टोपली वाढवायची नव्हती आणि रात्री माझ्या मुलीसाठी जाळ जास्त वेळ ठेवायचा होता, म्हणून सकाळचे दोन तास त्यांनी कापले होते. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मी तिथेच बसून रडले. आमा-लेंना वाटलं धुराने रडते आहे. त्यांनी झरोका थोडा उघडला.

रस्ता मोकळा झाल्यावर हे आले, थोडं सुकं लाकूडही मिळालं. मी पैसे पुढे केले तेव्हा आमा-लेंनी माझी मूठ मिटली आणि म्हणाल्या, "मे महिन्यात लाकूड घे, नोमो-ले. लाकूड चुलीत वाळवायचं नसतं."

त्यानंतरचे दोन्ही हिवाळे आमचे सुखाचे गेले. मैत्रिणींनो, तुमच्यापैकी कुणाची अशा मुलखात बदली झाली, किंवा गावी अजून चूल-बंब असेल, तर मी शिकले ते सांगते.

लाकूड मे-जूनमध्येच घ्यावं आणि लगेच चिरून घ्यावं. अखंड ओंडक्याची साल पाणी धरून ठेवते. खाली दोन आडव्या बल्ल्या टाकून वर हवा खेळेल असं रचावं. वरून झाकावं, बाजू उघड्या ठेवाव्या. दोन तुकडे एकमेकांवर आपटून पाहावे. वाळलेले 'टण्ण' वाजतात, ओले 'थप्प'. वाळलेल्याच्या टोकांना भेगाही पडतात. दुसऱ्या वर्षी मी तेवढंच दहा क्विंटल घेतलं होतं. वाळून ते सहा-सव्वासहाच भरलं, पण गोवऱ्यांच्या जोडीने मार्चअखेरपर्यंत पुरून वर उरलं.

पॉपलर भराभर जळतं, ते पेटवणीला आणि चटकन पाणी तापवायला. विलो त्याहून बरं. जर्दाळूचं लाकूड सगळ्यांत चिवट, पण फळझाड कुणी सहसा तोडत नाही, वठलेलं मिळालं तर नशीब. आधी काटक्यांवर मोकळ्या हवेत खडखडीत जाळ करावा, निखारे झाले की हवेची झडप थोडी लोटावी आणि गोवरी ठेवावी. गोवरी भडकत नाही, तासन् तास धग देते. आजी राखेत विस्तव झाकून ठेवायची त्यातलाच हा प्रकार. ओल्या लाकडाची झडप लोटली तर धुराड्यात डांबरासारखी काजळी साठते आणि ती पेट घेते. म्हणून धुराडं दोन-तीन आठवड्यांनी झाडावं.

एक गोष्ट मात्र काटकसरीच्या नावाखाली कधीही करू नये. बंद खोलीत धुमसती शेगडी ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग नाही, वास नाही, माणूस झोपेतच जातो. आमा-ले निजण्याआधी जाळ विझू देत आणि थंडी कितीही असली तरी झरोका बोटभर उघडा ठेवत.

खोली लहान आणि दक्षिणेची निवडावी, राजवाडा दिसला नाही तरी चालेल! लेहला थंडी मरणाची असली तरी ऊन भरपूर. सकाळी पडदे सारून ऊन आत घ्यावं, चार वाजले की जाड पडदे ओढून ते कोंडावं. दाराच्या फटीला चिंध्यांची वळकटी लावावी. स्वयंपाकाचं म्हणाल तर त्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ नुसती शिजत नाही. रात्री भिजवावी, कुकरला दोन शिट्ट्या द्याव्या आणि कुकर गोधडीत गुंडाळून तासभर ठेवावा. राखसुद्धा वाया जात नाही. लडाखी घरांतल्या कोरड्या संडासात ती मातीबरोबर टाकतात आणि त्याचं पुढे शेताला खत होतं.

या सगळ्याहून मोठी बचत मात्र एका खोलीत बसण्याची. चार खोल्यांत चार शेगड्या पेटवून चार माणसं कुडकुडतात, एका चुलीभोवती नऊ माणसं ऊबेत बसतात. पुढच्या दोन्ही हिवाळ्यांत संध्याकाळी आम्ही खालीच जायचो, जाताना हातात आमचं एक-दोन लाकूड घेऊन. मी नातवंडांना हिंदी वाचून दाखवायची, सून खंबीर रोट्या भाजायची, मेमे-लेंचं चक्र फिरत असायचं.

२०२५च्या वसंतात आमची पुन्हा बदली झाली. निघताना दीड-दोन क्विंटल सुकं लाकूड उरलं होतं. ते विकून टाकावं असं हे म्हणाले. मी आमा-लेंना विचारलं. त्या म्हणाल्या, "गच्चीवर ठेव. वर कुणीतरी नवं राहायला येईलच आणि ते नोव्हेंबरातच लाकूड घेईल." दोघी खूप हसलो.

आता साताऱ्यात गॅस आहे, गीझर आहे. तरी भात होत आला की मी मिनिटभर आधी गॅस बंद करते आणि वर झाकण घट्ट बसवते. परवा मुलगी विचारत होती, "आई, तू एवढी चिक्कू का गं?" मी म्हटलं, "ते उद्याचं आहे."