रेतीच्या पोटातली पाईपलाईन

नांदेडला गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगा म्हणतात. "गंगेला पाणी आलं का?" असा प्रश्न पावसाळ्यात चहाच्या टपरीवर हमखास ऐकू येतो. शहराला पिण्याचे पाणी मिळते ते असर्जनजवळच्या विष्णुपुरी प्रकल्पातून. शहराचे ते एक भागले. पण काठावरच्या खेड्यापाड्यांचे काय? त्यांची विहीर नदीच्या पात्रात असते आणि त्या विहिरीपासून गावच्या टाकीपर्यंत जाणारा पाईप रेतीत पुरलेला असतो. तो पाईप कुणाला दिसत नाही, म्हणून त्याची काळजीही कुणी घेत नाही. या उन्हाळ्यात कार्यालयाच्या सुट्ट्या जोडून नांदेडहून बिलोली आणि तिथून परत फिरून लातूर अशी फेरी केली. लेण्या-देवळांसारखे पाहण्याजोगे काही त्यात नाही, पण आपल्या घरातल्या हंड्याशी त्याचा संबंध आहे, म्हणून लिहितो आहे.

नांदेडहून नायगाव, मग नरसीचा चौक. हैदराबादचा रस्ता सरळ देगलूरकडे जातो, आपण बिलोलीकडे वळायचे. इथे जमिनीचा रंग बदलतो. आपला बहुतेक मराठवाडा काळ्या पाषाणाचा, त्याची माती होते, रेती फारशी होत नाही. बिलोली-देगलूरच्या बाजूला मात्र जुना ग्रॅनाईट दगड वर आलेला आहे. तो झिजून रेती होते. म्हणूनच मांजरेची लाल रेती नांदेडपासून तेलंगणापर्यंत नाव कमावून आहे, आणि नाव कमावले म्हणूनच नदीच्या जिवावर उठले आहे.

मांजरा ही मोठी फिरस्ती नदी. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटात उगवते, धनेगावचे धरण भरते, लातूर जिल्ह्यातून बीदरकडे जाते, तेलंगणात निजामसागराला पाणी देते आणि मग चक्क उत्तरेला वळून बिलोली तालुक्याच्या हद्दीवरून वाहत कंदकुर्तीजवळ गंगेला मिळते. धरणांमागून धरणे पार करीत येणाऱ्या नदीबरोबर रेती कमी येते, कारण रेती धरणातच बसते. आवक घटली आणि खर्च वाढला तर वहीचे काय होते, हे कारकुनाला वेगळे सांगायला नको.

येसगीला मांजरेवर निजामकाळातला पूल आहे. पलीकडे सालूरा, म्हणजे तेलंगण. पूल पाहायचा तर वरून नाही, खाली उतरून पाहावा. याच नदीकाठच्या एका गावी (नाव मुद्दाम देत नाही) तिथल्या एका लहान पुलाखाली मी उतरलो होतो. खांबावर जमिनीची जुनी खूण दिसते. ज्या भागावर कधी ऊन-वारा लागला नाही तो वेगळ्या रंगाचा असतो, आणि तो रंग माझ्या कमरेच्या वर होता. म्हणजे तेवढी रेती गेली. पूल उभा राहतो तो पायाभोवती घट्ट बसलेल्या रेतीच्या आधाराने. ती काढली की पुराचे पाणी पायाला थेट भिडते, भोवरा घालते आणि उरलीसुरली रेतीही उकरून नेते.

एक गोष्ट मला तिथल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांनी समजावली, ती बहुतेकांना माहीत नसते. खड्डा पुलाच्या खालच्या बाजूला पाडला तर पुलाला धोका नाही, असे लोक समजतात. उलट आहे. पाणी त्या खड्ड्यात उतरताना त्याची वरची कड तोडत जाते. कड मागे सरकते, दर पुरात थोडी थोडी, आणि एक दिवस पुलाच्या खांबाशी येऊन पोहोचते. "खड्डा नदीत चालतो बगा साहेब, वरच्या अंगाला चालतो," असे काका म्हणाले. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या वाळू उत्खननाच्या मार्गदर्शक सूचनांत याच कारणाने खालच्या बाजूचे अंतर जास्त ठेवलेले आहे. मोठ्या पुलापासून आणि महामार्गापासून दोन्ही बाजूंना १ किलोमीटर. किंवा पुलाच्या आकाराप्रमाणे हिशोब करून, पण कोणत्याही परिस्थितीत वरच्या बाजूला २५० मीटर आणि खालच्या बाजूला ५०० मीटरच्या आत उपसा करायचा नाही. खोली ३ मीटरपेक्षा जास्त नको, रात्री उपसा नको. आणि वाचकांनी लक्षात ठेवावे असे म्हणजे, हा नियम केवळ पुलांना नाही. नदीतून पिण्याचे पाणी उचलण्याच्या जागेलाही आहे. म्हणजे आपल्या विहिरीला.

ती विहीर त्याच गावात पाहिली. गावाच्या खालच्या अंगाला आपली वस्ती, वस्तीपुढे नदी. पात्रातल्या विहिरीचा कठडा पूर्वी रेतीच्या बरोबरीने होता, आता विहीर पात्रात एखाद्या मनोऱ्यासारखी उभी दिसते. तिच्यापासून काठाकडे जाणारा पाईप कधीकाळी रेतीत गाडलेला होता, आता तो दोन ठिकाणी अधांतरी लोंबतो. सांध्याला रबरी ट्यूब गुंडाळून तारेने आवळलेली. एक मावशी धुणे आवरता आवरता म्हणाल्या, "दरसाल पूर येतो दादा, लाकूड अडकतं, पाईप तुटतो. मग महिनाभर आमच्या डोक्यावर हंडा." खालचा पाईप तुटतो तसाच वरचाही. रेतीने काठोकाठ भरलेला हायवा गल्लीतून गेला की रस्त्याखाली पुरलेली पाईपलाईन दबते, सांधा फुटतो आणि गटाराचे पाणी आत शिरते. वस्तीत जुलाबाची साथ आली की आपण पावसाला दोष देतो.

आता रेतीचा आणि पाण्याचा हिशोब मांडतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजे सुमारे २.८३ घनमीटर. रेतीच्या कणांमध्ये जी पोकळी असते तीत कमीत कमी एक चतुर्थांश जागा पाण्याला मिळते. म्हणजे एका ब्रासमागे साधारण ७०० लिटर. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर धरले आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर. एक ब्रास रेती गेली म्हणजे एका घराची अडीच दिवसांची साठवण गेली. एका हायव्यात किती ब्रास आणि एका रात्रीत किती हायवे, हे ज्याने त्याने आपापल्या गावचे मोजावे.

पण रेती नकोच असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. आपले घरकुल रेतीवाचून उभे राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात किल्लारीकडे दगड-मातीच्या जाड भिंतींखाली माणसे झोपेतच गेली. त्यानंतर ५२ गावे नव्याने वसवली गेली. तेव्हापासून सिमेंट-वाळूचे घर हा लातूरकराचा हट्ट नाही, धास्ती आहे. रमाई आवासचा हप्ता खात्यात पडतो आणि वाळू परवडत नाही म्हणून जोत्यावर गवत उगवते, हेही पाहिले आहे. शासनाने २०२३ साली ६०० रुपये ब्रास दराचे धोरण आणले, २०२५ साली पुन्हा लिलावाकडे वळले आणि घरकुलाला पाच ब्रास मोफत म्हटले. शिवाय नदीत तराफ्यावर उभा राहून बुडी मारणारा मजूरही पोटासाठीच तिथे असतो. छापा पडला की तराफा जळतो, मजुराची मजुरी बुडते आणि मालक दुसरा तराफा बांधतो. माझे भांडण घमेल्याशी नाही, पुलाजवळ आणि विहिरीजवळ लावलेल्या सक्शन पंपाशी आहे.

महाडला आपण २० मार्चला जातो. त्या महाडजवळच सावित्री नदीवरचा १९२८ सालचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला. दोन एसटी गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. पूल जुना होता, पूर मोठा होता. पण जुन्या पुलाच्या पायाशी काय चालले आहे हे बघायला खाली कोण उतरते, हा प्रश्न त्या रात्रीने सगळ्या महाराष्ट्राला विचारला.

परतताना लोहा, अहमदपूर, चाकूर असे लातूर गाठले. त्याच २०१६ सालच्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले ते या शहराला. पहिल्या गाडीला दहा डबे, सुमारे ५ लाख लिटर. धनेगाव कोरडे पडले होते हे खरेच. पण धरण आटल्यावर नदीच्या पोटातला ओलावा आधाराला येतो, तो रेतीतच असतो. रेती उपसून खाली मुरूम उघडा पडला तर झरा फोडायला जागाच उरत नाही.

गावच्या तरुणांना काही कामे सांगून आलो. ग्रामसेवकाकडून नळ योजनेचा नकाशा मागून घ्यायचा, त्याबरहुकूम पाईपलाईनवर दर पन्नास पावलांवर रंगवलेला दगड रोवायचा. पुलाच्या खांबावर आणि विहिरीच्या कठड्यावर आजच्या रेतीची पातळी तेलरंगाने, तारखेसह आखायची. जिल्हा सर्वेक्षण अहवालाचा मसुदा २१ दिवस हरकतींसाठी खुला ठेवावा लागतो; त्या मुदतीत विहीर आणि पूल यांची अंतरे लिहून लेखी हरकत द्यायची, पोच घ्यायची. ग्रामसभेत ठराव मांडायचा. त्याला कुणाची परवानगी लागत नाही. काठावर जेसीबी लावणाऱ्याने खोदण्याआधी जमिनीखालच्या केबल-पाईपच्या मालकांना कळवावे यासाठी २०२३ च्या मार्चपासून 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाईल अ‍ॅप आहे, तेही ठेकेदाराला दाखवायचे. आणि रात्री एकट्याने ट्रक अडवायला कुणी जायचे नाही. मोजमाप, फोटो आणि अर्ज, एवढेच. तहसील कचेरीत तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, आवक क्रमांक पडलेला कागद फाईलला लागतो.

टेप धरायला दोघे पुरतात. पात्र कोरडे आहे तोवर हे करून घ्यावे; मृग बरसला की नदीत टेप टाकता येत नाही.