दगडांवरचा थर

कारखान्याच्या वसाहतीमागे पूर्वी एक गोल हौद असे, मुठीएवढ्या दगडांनी काठोकाठ भरलेला. वर लोखंडी हात. त्यांच्या भोकांतून सांडपाणी सुटलं की त्या जोरानेच हात गरगर फिरत, मोटार लागत नसे. पाणी दगडांवरून झिरपत खाली जाई आणि दगडांवर तपकिरी, बुळबुळीत थर धरे. घाण खाणारे जीवाणू त्या थरातच. उन्हाळ्यात बारीक माश्यांचे थवे उठत, वास येई. पण एखादं भोक तुंबलं तर येणाऱ्या-जाणाऱ्यालाही कळे, कारण दगडांचा तेवढा पट्टा कोरडा दिसे. इंग्लंडमध्ये १८९३ साली सुरू झालेली ही रीत आपल्याकडे अशी कितीतरी वर्षं चालली.

आता पुण्यातल्या मोठ्या सोसायट्यांच्या तळघरात तोच थर प्लास्टिकवर धरतो. नखाएवढ्या, आत आडव्या-उभ्या भिंती असलेल्या चकत्या टाकीत सोडतात. ऑपरेटर त्यांना ‘मीडिया’ म्हणतात. नॉर्वेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रा. हाल्वार्द ओडेगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत घडवली. पॉलिएथिलीन पाण्याहून किंचित हलकं, त्यामुळे ब्लोअरच्या हवेने चकत्या अखंड घुसळत राहतात. बाहेरचा थर एकमेकींवर घासून निघतो, आतल्या कप्प्यांतला टिकतो. घनमीटरभर दगडांवर थराला जेमतेम ५०-६० चौरस मीटर जागा मिळे. तेवढ्याच चकत्यांत सुमारे ५०० मिळते. जिथे गाडी लावायला जागा नाही तिथे दगडांचा हौद कुठे बांधणार? या चकत्यांचं मला मनापासून कौतुक आहे.

खंत वेगळीच आहे. सांडपाण्यातला अमोनिया खाणारे जीवाणू फार सावकाश वाढतात. मोकळ्या पाण्यात असते तर वाढण्याआधीच वाहून गेले असते. थराला चिकटून असतात म्हणून तगतात. त्यांना हवा सतत लागते. आणि वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर बंद ठेवणाऱ्या सोसायट्या मी पाहिल्या आहेत. हौदावरचा हात थांबला की वसाहतीत ओरड होई. तळघरातला ब्लोअर थांबला तर वरच्या मजल्यांवर कुणालाच पत्ता नसतो. चकत्या टाकीत तरंगत पडतात, थर गुदमरतो, आणि एकदा मेलेला तो थर पुन्हा धरायला कित्येक आठवडे जातात. तोवर ते पाणी नाल्यातून मुठेकडे निघालेलं असतं.