बापाच्या तोंडातली पोरं

आठवीला पुनरुत्पादन शिकवताना माशांबद्दलचं एक वाक्य ठरलेलं असतं. मासे पाण्यात भरपूर अंडी सोडतात, फलन शरीराबाहेर होतं आणि बहुतेक मासे त्या अंड्यांकडे पुन्हा वळून पाहत नाहीत. वाक्य बरोबर आहे. रोहू, कटला यांच्या बाबतीत तर अगदी बरोबर. पण आमची शाळा समुद्रकिनाऱ्यावरची. इथल्या मुलांच्या ताटात आठवड्यातून चार दिवस मासळी असते. त्यांच्यापुढे नुसतं वाक्य म्हणून पुढच्या मुद्द्यावर जाणं मला जमत नाही. कारण त्या "बहुतेक"मध्ये न बसणारा एक मासा त्यांच्याच बाजारात येतो. तो म्हणजे शिंगाळा.

कुणी त्याला शिंगटी म्हणतं, गोव्याकडे सांगट म्हणतात. अंगावर खवले नाहीत, तोंडाभोवती मांजरासारख्या मिशा. या मिशा नुसत्या शोभेच्या नाहीत बरं का. त्यांच्यावर चव ओळखणारी इंद्रियं असतात, त्यामुळे गढूळ पाण्यातही तळाशी काय खाण्याजोगं आहे ते त्याला कळतं. पाठीवर एक आणि छातीच्या परांना एकेक असे तीन दणकट काटे असतात, करवतीसारखे दाते असलेले आणि विषारी. एकदा उभे केले की ते तसेच अडकून राहतात. म्हणून जाळ्यातून काढला की खलाशी आधी त्याचे काटे मोडतात. पापलेट-सुरमईपुढे याचा भाव कमी, त्यामुळे गरिबाघरीही तो शिजतो.

मुलांना मी पहिला प्रश्न गाबोळीवरून विचारते. "घरी गाबोळी खाता ना? त्यातला एकेक दाणा केवढा असतो?" उत्तरं पटापट येतात. "बाई, रव्याएवढा." "खसखशीएवढा." मग विचारायचं, "आणि शिंगाळ्याच्या गाबोळीतला?" इथे वर्गाचे दोन भाग पडतात. ज्यांच्या घरी होडी आहे ती मुलं हाताने आकार दाखवायला लागतात आणि बाकीची हसतात. एवढं मोठं कधी माशाचं अंडं असतं का!

असतं. शिंगाळ्याच्या कुळातल्या माशांची अंडी साधारण १० ते १५ मिलिमीटर व्यासाची, म्हणजे जवळजवळ खेळायच्या गोटीएवढी असतात. माशांच्या जगातल्या सगळ्यात मोठ्या अंड्यांमध्ये त्यांची गणना होते. मोठी म्हणूनच मोजकी. रोहूची मादी एका हंगामात लाखांनी अंडी देते, तर शिंगाळ्याची मादी डझनांनी. एका वर्षी वर्गातल्या एका मुलीच्या आजी, ज्या स्वतः बाजारात मासळी विकतात, त्यांनी पिकलेली गाबोळी डब्यातून आणून दिली. मुलांनी वर्तमानपत्र पसरून मोठी अंडी मोजली. एकेचाळीस भरली. ज्यांना बेरीज करताना झोप येते, ती पोरंसुद्धा पुन्हा पुन्हा मोजत होती.

पुढचा भाग मी आजींनाच सांगायला लावला. त्या आधी लाजल्या, "मी काय शिकवनार बाई?" म्हणाल्या. मग पदर खोचून उभ्या राहिल्या आणि एका दमात सांगून टाकलं, "आवस अंडी देऊन मोकळी. मग बापूस ती तोंडात घेतो. पोरं मोठी होईपर्यंत तोंड मिटून फिरतो. त्या दिवसांत त्याचं पोट फाडलं तर आत काय नाय मिळत. उपाशी असतो तो."

त्यांचं प्रत्येक वाक्य शास्त्राला धरून आहे. या कुळाला शास्त्रात एरिइडे म्हणतात. यातले नर फलित अंडी तोंडात घेतात आणि तोंडातच उबवतात. प्रजननाच्या काळात मादीच्या पोटाखालचे पर जाडसर होतात, त्यांच्या मदतीने ती अंडी नराकडे पोचवते असं मानलं जातं. श्वासासाठी नर जे पाणी तोंडातून कल्ल्यांकडे ढकलतो, त्याच पाण्यातून अंड्यांना ऑक्सिजन मिळत राहतो. अंडी फुटल्यावरही पिल्लं लगेच बाहेर पडत नाहीत. पोटाला चिकटलेला बलक संपेपर्यंत ती बापाच्या तोंडातच राहतात. हे सगळं दीड-दोन महिने चालतं. तेवढे दिवस नर अंगातल्या चरबीवर काढतो.

तोंडात घास आणि गिळायचं नाही! आमच्या वर्गात एकाने खडीसाखरेचा खडा तोंडात धरून किती वेळ न चावता राहता येतं ते करून पाहिलं. दोन मिनिटं झाली नाहीत तोवर कडाड आवाज आला. सगळा वर्ग हसला, पण मुद्दा डोक्यात बसला.

मिशावाल्या माशांचा हा गण मोठा आहे, त्यात तीन हजारांहून जास्त जाती आहेत, आणि बापाने पिल्लं सांभाळायची रीत त्यातल्या बऱ्याच जातींत दिसते. अमेरिकेच्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात फ्लॅटहेड कॅटफिश नावाचा चपट्या डोक्याचा अवाढव्य मासा आहे. १९९८ साली कॅन्सस राज्यात गळाला लागलेला एक फ्लॅटहेड तब्बल ५५ किलोंच्या वर भरला होता. उन्हाळ्याच्या सुरुवातीला पाणी उबदार झालं की त्याचा नर काठाखालची कपार, बुडालेल्या ओंडक्याची ढोली अशी जागा निवडतो. मोठी मादी तिथे एक लाखापर्यंत अंडी घालते. अंड्यांचा पिवळसर पुंजका तयार होतो. नंतर राखण नराची. तो परांनी पाणी हलवत राहतो, म्हणजे मधल्या अंड्यांनाही ऑक्सिजन मिळतो. कुणी जवळ आलं तर अंगावर धावून जातो.

नराच्या या राखणीची नोंद फार जुनी आहे. ग्रीसमधल्या अ‍ॅकिलस नदीतला एक मिशावाला मासा चाळीस-पन्नास दिवस अंड्यांची राखण करतो, असं अ‍ॅरिस्टॉटलने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. पुढच्या काळातल्या अनेक विद्वानांना ते पटलं नाही. १९व्या शतकात लुई अगासी या शास्त्रज्ञाने त्या नदीतले मासे मिळवून पाहिले, तेव्हा ती युरोपातल्या नेहमीच्या माशाहून वेगळी जात निघाली. आज तिच्या शास्त्रीय नावातच अ‍ॅरिस्टॉटल आहे. अ‍ॅरिस्टॉटलला हे काही पुस्तकातून मिळालं नसणार. नदीवरच्या कोळ्यांचं बोलणं तो कान देऊन ऐकत होता, असं त्याच्या लिखाणावरून दिसतं. आमच्या वर्गातल्या ज्या मुलांच्या घरी होडी आहे, त्यांना ही गोष्ट मी दरवर्षी मुद्दाम सांगते.

आता गणिताकडे या. एक जोडपं दोन लाख अंडी देतं, दुसरं पन्नास. दोन्ही जाती टिकायच्या तर आईबापांच्या जागी सरासरी दोन पिल्लं मोठी झाली तरी पुरे. पहिल्याने संख्येवर भिस्त ठेवली, दुसऱ्याने सांभाळण्यावर. निसर्गात दोन्ही हिशेब जमतात. पण दुसऱ्या हिशेबाला एक धोका आहे. बाप मेला की सगळी पन्नास त्याच्याबरोबर जातात.

अमेरिकेत काही ठिकाणी कपारीत हात घालून फ्लॅटहेड पकडण्याचा खेळ आहे. अंड्यांवर बसलेला नर पळत नाही, उलट हातालाच चावतो, म्हणून तो सापडतो! काही राज्यांत याला परवानगी आहे, काहींत बंदी. राखण करणारा नर उचलला की अख्खं घरटं बुडतं, हे बंदीमागचं एक कारण.

आपल्याकडे हेच मोठ्या जाळ्यांनी घडलं. १९७०च्या दशकात कर्नाटकच्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळी आली. या जाळ्याने माशांचा अख्खा थवा वेढून घेतात. शिंगाळे थव्याने फिरतात. १९८०च्या सुमाराला तोंडात अंडी-पिल्लं असलेले नर या जाळ्यांत मोठ्या प्रमाणावर सापडू लागले. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तेव्हाच याची नोंद करून इशारा दिला होता. पुढे तिथली शिंगाळ्याची मासेमारी ढासळली.

हे सांगितल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. तो सहसा बोलत नाही. त्याचे वडील बोटीवर खलाशी आहेत. "बाई, मग बाबांनी असला मासा सोडून द्यायचा का?"

वर्ग गप्प. प्रश्न साधा नव्हता. खलाशाला पकडलेल्या मासळीच्या हिशेबात वाटा मिळतो. त्या वाट्यातून या मुलाची वही येते. मी म्हटलं, "बाबांनाच विचारून ये. त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

दुसऱ्या दिवशी वडील स्वतःच शाळेत आले. दाराशीच उभे राहिले, आत या म्हटलं तरी चपला काढून अंग चोरून बसले. म्हणाले, "बाई, पोरगा रातभर डोकं खात होता. सोडायला काय, सोडू की. पण जाळं वर येतं तवा मासा घाबरतो, तोंडातली अंडी टाकून देतो. सगळी पाटावर सांडतात. मासा सोडला तरी ती काय परत त्याच्या तोंडात जात नायत. सोडायचं ते आधी सोडायला पायजे. जाळं टाकायच्या आधी." जरा थांबून म्हणाले, "आणि ते माझ्या हातात नाय. ते तांडेलाच्या, मालकाच्या हातात."

मी हे त्यांच्याच शब्दांत वर्गाला सांगितलं. मग आमची जी चर्चा झाली, तशी चर्चा कुठल्याही स्वाध्यायाने घडवली नसती. एक मुलगी म्हणाली, "लहान मासे पकडायचे नाहीत असा नियम आहे ना?" आहे, आणि तो चांगलाच आहे. लहान माशाला एकदा तरी अंडी देऊ द्यावीत, यासाठी तो आहे. पण तोंडात पिल्लं धरलेला शिंगाळा लहान नसतो. तो पूर्ण वाढलेला असतो. पट्टी लावून मोजलं तर तो नियमात बसतो आणि त्याची पन्नास पिल्लं कुठल्याच मोजणीत येत नाहीत. म्हणजे या माशासाठी नुसती लांबी बघून चालणार नाही. त्याचे दिवस आणि त्याच्या जागा बघाव्या लागतील. १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी असते. ती का असते आणि ती कोणकोणत्या माशांच्या कामी येते, हे मुलांनी घरी विचारायचं ठरवलं. नियम माशाचं जगणं बघून करावे लागतात, हे आठवीच्या मुलांना त्या दिवशी कळलं. नागरिकशास्त्राचा तासही त्यातच झाला म्हणा ना.

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, तुमची शाळा किनाऱ्यावर नसेल तरी हा पाठ करता येतो. दोन-तीन प्रकारची गाबोळी किंवा तिची छायाचित्रं आणा. दाण्याचा आकार, अंदाजे संख्या आणि "पालक काय करतात" असे तीन रकाने पाडा. मोठा दाणा आणि कमी संख्या यांचं नातं मुलं स्वतः शोधतील, तुम्ही सांगू नका. धरणाजवळच्या शाळांनी गावातल्या भोई मंडळींना बोलवावं. अख्खा शिंगाळा वर्गात आणणार असाल तर काटे आधी मोडून घ्या. कुणाला काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवल्याने ठणका कमी होतो, पण डॉक्टरांना दाखवायचंच.

पालकांना एक सांगावंसं वाटतं. "आम्ही अडाणी, आम्हाला काय कळतंय" हे मुलांसमोर म्हणू नका. त्या आजींच्या चार वाक्यांत अख्खा धडा होता. त्या खलाशी वडिलांनी जे सांगितलं, ते मला कुठल्या पुस्तकात इतकं स्पष्ट सापडलं नसतं. तुमच्या कामातलं रोजचं शहाणपण पोरांना सांगा. ते वर्गात आणायला आम्ही आहोत.

त्या मुलाने नंतर वहीत शिंगाळ्याचं चित्र काढलं. तोंड मिटलेलं, गाल फुगलेले. खाली लिहिलं होतं, "याला आत्ता पकडू नका. याच्या तोंडात पोरं आहेत." मी त्याला खाली बरोबरची खूण केली आणि ते पान फळ्याशेजारी लावलं.