ओळख

अब्बांचा कॉम्प्युटर अजून चालतो. 2009 साली त्यांनी तो हप्त्यानं घेतला होता. दोन जीबी रॅम, विंडोज सेव्हन, आणि सुरू व्हायला एक चहा होईल इतका वेळ. अब्बांचा गेल्या वर्षी इंतेकाल झाला. दिवाळीच्या सुट्टीत मी त्याच्यावरची धूळ पुसली आणि आतले फोटो लावायला बसले. चार हजारांवर फोटो निघाले.

अब्बांना फोटोंचं वेड का होतं ते आमच्या घरात सर्वांना ठाऊक आहे. आमचं मूळ घर सास्तूरचं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपात ते दगडमातीचं घर बसलं. आम्ही ओसरीवर झोपलेलो, म्हणून वाचलो. फोटोंची लोखंडी पेटी आठ दिवसांनी निघाली, तोवर पावसानं आतल्या फोटोंचा लगदा झाला होता. अम्मी-अब्बांच्या निकाहचा एकही फोटो आज आमच्याकडे नाही. पुढे उमरग्याला आल्यावर हातात पैसे आले तसा अब्बांनी कॅमेरा घेतला, मग हा कॉम्प्युटर.

फोटो लावायला ते पिकासा वापरत. त्यात चेहऱ्याभोवती चौकोन यायचा आणि खाली नाव लिहिता यायचं. एकदा नाव दिलं की त्याच माणसाचे बाकीचे फोटो तो स्वतः शोधून आणायचा. रिटायर झाल्यावर अब्बांनी दोन वर्षं बसून सगळ्या गोताला नावं दिली. पुढे कॉम्प्युटर बिघडला. दुकानदारानं फोटो काढून ठेवले, मशीन फॉर्मॅट केलं, फोटो परत टाकले. फोटो सगळे होते, नावं एकही नव्हतं. नावं फोटोत नव्हतीच. ती पिकासाच्या स्वतःच्या वहीत होती आणि वही पुसली गेली होती. गुगलनं तर 2016 मध्ये पिकासाच बंद केला. अब्बा त्यावर काही बोलले नाहीत. पुन्हा नावं लिहायलाही बसले नाहीत.

मी आधी एक मोठा, सर्व काही करणारा प्रोग्रॅम टाकून पाहिला. तो फोटो मोजता मोजताच मशीन गोठलं. मग शाळेतल्या एका सहकाऱ्यानं इरफानव्ह्यू सुचवला. अवघ्या काही एमबींचा, घरगुती वापराला आणि शाळांनाही फुकट. बोस्नियात जन्मलेल्या इरफान स्किल्यान यांनी तो 1996 साली बाहेर काढला आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. जुन्या मशीनवर तो डोळ्याची पापणी लवायच्या आत उघडला. 'टी' दाबलं की फोल्डरमधले सगळे फोटो लहान होऊन समोर. स्वतःची वेगळी वही तो ठेवत नाही. नाव द्यायचं तर फाइललाच द्यायचं. तेच मला हवं होतं. फोटो कुठंही गेला तरी नाव सोबत जाईल.

मी उर्दू शिकवते, म्हणून त्या नावापाशी थोडी थांबले. ऐन, रे, फे. याच तीन अक्षरांतून तआरुफ येतो, मारिफत येते, इरफान येतो. इल्म पुस्तकातून मिळतं. इरफान म्हणजे ओळख पटणं. पण हा इरफान बिचारा चेहरे ओळखत नाही. ती बाजू आपली.

आणि इथंच मी अडले. निम्म्या माणसांना मीही ओळखत नव्हते.

अस्रची नमाज झाल्यावर अम्मीला शेजारी बसवलं. ती नाव सांगायची, मी टाइप करायची. 1 जानेवारी 2008 अशी तारीख असलेलं एक फोल्डर मी काढूनच टाकणार होते. कॅमेऱ्याची बॅटरी उतरली की तारीख मागे जायची, त्यातलेच हे हललेले फोटो. अम्मी म्हणाली, "ठैर गे." एका फोटोत दाराच्या आडून फक्त एक हात पुढे आलेला. हातात शीरखुर्म्याची वाटी.

"ये तेरी दादी का हात हय ना!"

दादीनं कधी फोटो काढू दिला नाही. तसबीर नको, म्हणायची. मतदार ओळखपत्रावर तिचा एक काळपट फोटो होता, तो बघून "ये मैं नै" म्हणायची. 2011 मध्ये ती गेली. मी फोटो मोठा केला. मनगटावर तो चांदीचा कडा, आणि पत्रा लागून वाकडी झालेली करंगळी.

तारीखही अम्मीनंच दुरुस्त केली. फोटोच्या कडेला मोठ्या फुफीच्या मांडीवर दुपट्यातला नातू आहे. त्याची पहिली ईद म्हणजे 2009 ची रमजान ईद. तो पोरगा आता कॉलेजात आहे.

मी फाइलला नाव दिलं : दादी, रमजान ईद 2009, उमरगा. दादीची मर्जी मोडली का, हे मनात आलं. अम्मीला विचारलं. ती म्हणाली, "मूं कां हय उसमें? हातच तो हय."

रोज वीस-पंचवीस फोटो होतात. अम्मीला एकाहत्तरावं लागलं आहे, मधूनच नावं अडतात. किती दिवस लागतील याचा हिशोब मी करत नाही. शाळेतून आले की आधी कॉम्प्युटर सुरू करते, मग चहा ठेवते.